श्वासाचा माग काढणारा डास : आधी सापळा की आधी झाकण?

पावसाळा लागला की विहाराविहारांतून वर्षावास सुरू होतो. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. कामावरून थकून आलेली माणसे, स्वयंपाक आटोपून आलेल्या माता-भगिनी, वयोवृद्ध मंडळी आणि त्यांच्या मांडीवरची लेकरे विहाराच्या अंगणात सतरंजीवर बसतात. नेमके हेच तीन महिने डासांचेही असतात. एक कान ग्रंथाकडे आणि एक हात सारखा पायावर, अशी श्रोत्यांची अवस्था होते. सप्टेंबर-ऑक्टोबर आला की वस्तीत घरोघरी ताप सुरू होतो. कुणाला मलेरिया, कुणाला डेंग्यू, कुणाला चिकुनगुनिया. हातावर पोट असलेल्या घरात एक माणूस आठ दिवस आडवा झाला की त्या महिन्याचे सगळे गणित कोलमडते.

अशा वेळी मंडळातला एखादा उत्साही तरुण सुचवतो, "आपण वर्गणी काढून विहाराबाहेर डासांचे यंत्र लावू या. त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो, डास त्याला भुलतात आणि आत अडकतात." सूचना चांगल्या हेतूने केलेली असते. यंत्रही खरे आहे, त्यामागचे शास्त्रही खरे आहे. पण वर्गणीचा पैसा घामाचा असतो. म्हणून पावती फाडण्याआधी हे यंत्र नेमके काय करते आणि काय करू शकत नाही, हे समजून घेणे आपले काम आहे. ऐकीव गोष्टीवर विश्वास न ठेवता पारखून घ्या, ही तर तथागतांचीच शिकवण.

डासाला माणूस सापडतो कसा?

चावते ती फक्त मादी. नर फुलांतला रस आणि झाडांचा गोड रस यांवर जगतो. मादीला अंडी तयार करण्यासाठी रक्त लागते, म्हणून ती माणसाच्या आणि जनावराच्या मागे लागते. अंधारात, आडोशाला बसलेला माणूस तिला कसा सापडतो? तर त्याच्या श्वासावरून.

आपल्या भोवतालच्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण फार थोडे, म्हणजे साधारण ०.०४ टक्के असते. आपण सोडलेल्या श्वासात ते सुमारे ४ टक्के, म्हणजे शंभर पट असते. हा वायू आपल्याला दिसत नाही, त्याचा वासही येत नाही. पण डासाच्या तोंडाजवळ दोन बारीक स्पर्शके असतात. त्यांवरच्या पेशींना हा वायू लगेच जाणवतो. वाऱ्याबरोबर श्वासाचा जो पट्टा वाहत जातो, त्यात शिरून मादी वाऱ्याच्या उलट दिशेने उडत येते. कित्येक मीटरांवरून तिला हा माग लागतो. जवळ आल्यावर घामाचा वास, अंगाची ऊब आणि ओलावा तिला नेमकी जागा दाखवतात.

अमेरिकेतील संशोधकांनी २०१५ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. एरवी गडद रंगाच्या वस्तूकडे डास फारसे लक्ष देत नाही. पण श्वासातला वायू जाणवला की तो गडद वस्तूकडे झेपावतो. २०२२ च्या एका अभ्यासात डेंग्यूचा डास वायू जाणवल्यावर काळ्या, लाल आणि नारिंगी रंगाकडे गेला. पांढऱ्या, हिरव्या आणि निळ्या रंगाकडे त्याने दुर्लक्ष केले. वंदनेला आपण पांढरी वस्त्रे नेसतो ती वेगळ्या कारणाने. पण संध्याकाळी अंगणात बसताना पांढरी साडी आणि पूर्ण बाह्यांचा पांढरा सदरा डासांपासूनही थोडा बचाव करतो, हे जाणून उपासक-उपासिकांना आनंदच वाटेल.

घरात गर्भवती सून किंवा लेक असेल तर पुढची गोष्ट लक्षात ठेवा. आफ्रिकेतील गांबिया देशात झालेला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. गर्भवती स्त्रियांकडे मलेरियाचे डास इतर स्त्रियांच्या तुलनेत सुमारे दुप्पट संख्येने आले. त्या दोन जिवांसाठी श्वास घेतात. त्यांच्या श्वासाचे प्रमाण इतर स्त्रियांपेक्षा २१ टक्के जास्त भरले आणि त्यांचे अंगही थोडे अधिक उबदार होते. गरोदरपणातला मलेरिया आईला आणि पोटातल्या बाळाला, दोघांनाही घातक असतो. तेव्हा घरात एकच मच्छरदाणी असेल, तर ती कुणाच्या अंथरुणावर बांधायची हे वेगळे सांगायला नको.

सापळा कसा तयार झाला?

डास कार्बन डायऑक्साइडकडे ओढला जातो, हे अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात विलेम रुडॉल्फ्स यांनी १९२२ मध्येच नोंदवले होते. पुढे १९६२ मध्ये अमेरिकेतल्याच शास्त्रज्ञांनी बॅटरीवर चालणारा, हातात नेता येईल असा छोटा सापळा बनवला. त्यात लहान दिवा, पंखा आणि जाळीची पिशवी असते. वर ड्राय आइस म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचा डबा टांगतात. वायू खाली उतरतो, डास जवळ येतो, पंखा त्याला आत ओढतो आणि तो पिशवीत अडकतो. जगभरचे कीटकतज्ज्ञ आजही अशा सापळ्यांनी डासांची मोजणी करतात.

१९९० नंतरच्या दशकात अमेरिकेत घराच्या अंगणासाठी गॅसवर चालणारे सापळे निघाले. ते प्रोपेन गॅस जाळतात आणि त्यातून वायू, ऊब आणि ओलावा तयार करतात. त्यांत 'ऑक्टेनॉल' नावाचे रसायनही ठेवतात. हे रसायन मुळात बैलाच्या श्वासात सापडले. आफ्रिकेतल्या त्सेत्से माशीवर काम करणाऱ्या संशोधकांनी १९८४ मध्ये ते ओळखले.

आता जरा हिशेब करू. अशा यंत्राला साधारण ९ किलो गॅस तीन आठवडे पुरतो. आपल्या घरचा सिलिंडर १४.२ किलोचा असतो. म्हणजे निम्म्याहून अधिक सिलिंडर तीन आठवड्यांत संपला. एवढा गॅस जाळून दिवसाला सव्वा किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड मिळतो. आणि एक काम करणारा माणूस दिवसभरात साधारण १ किलो कार्बन डायऑक्साइड श्वासातून सोडतो. थोडक्यात, हे यंत्र एका माणसाइतका श्वास सोडते.

विहाराच्या अंगणात पन्नास माणसे ग्रंथवाचनाला बसली आहेत आणि कोपऱ्यात एक सापळा चालू आहे, असे समजा. डासांच्या दृष्टीने तो एक्कावन्नावा माणूस! त्यांनी पन्नास जणांना सोडून त्याच्याकडेच जावे, असे काही कारण नाही. उलट सापळा श्रोत्यांना खेटून ठेवला, तर तो लांबचे डास जवळ बोलावतो आणि त्यांतले कित्येक पिशवीत न जाता माणसांवर बसतात. म्हणून जाणकार सांगतात की सापळा माणसांपासून दूर, सावलीत, झाडाझुडपांच्या बाजूला, डास जिथून येतात तिकडे ठेवावा. तो दोन तास नव्हे, तर रात्रंदिवस आणि आठवडेच्या आठवडे चालू ठेवावा लागतो.

निळा दिवा आणि साखरेची बाटली

मिठाईच्या दुकानात आणि हॉटेलात निळा-जांभळा दिवा लावलेला असतो. त्यावर किडे तडतडतात. बघणाऱ्याला वाटते, बरेच डास मेले. अमेरिकेतील डेलावेअर राज्यात असे दिवे लावून त्यात मेलेले कीटक मोजण्यात आले. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या मोजणीत १३,७८९ कीटक निघाले. त्यांत चावणारे फक्त ३१ होते! बाकीचे निरुपद्रवी किंवा उपयोगी किडे होते. डास दिव्याला भुलत नाही, श्वासाला भुलतो.

दुसरा उपाय तोंडोतोंडी फिरतो. प्लास्टिकची बाटली कापायची, तिच्यात साखरपाणी आणि यीस्ट घालायचे आणि ती कोपऱ्यात ठेवायची. साखर आंबली की कार्बन डायऑक्साइड सुटतो, हे खरे आहे. संशोधकांनीही ही युक्ती वापरली आहे. पण त्यांनी एका रात्रीसाठी पाव किलो साखर वापरली आणि जोडीला पंख्याचा सापळा ठेवला. १ किलो साखरेतून जास्तीत जास्त अर्धा किलो वायू मिळतो. एका माणसाच्या दिवसभराच्या श्वासाइतका वायू हवा असेल, तर २ किलो साखर हवी. मग दोन-चार चमचे साखर घातलेल्या, पंखा नसलेल्या बाटलीने काय होणार? त्यात चिलटे पडतात आणि आपल्याला समाधान वाटते. ती साखर लेकरांच्या दुधात गेलेली बरी.

एक धोक्याची सूचना. वायू हवा म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवू नका. गॅस सिलिंडरची नळी ओढून घरगुती यंत्र बनवण्याचा खटाटोपही करू नका. कोंडलेल्या जागेत कोळसा जळताना विषारी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि झोपेतच माणसे दगावतात. ड्राय आइसही उघड्या हाताने धरू नये किंवा बंद खोलीत ठेवू नये.

दोन बेटांची कहाणी

मग हे सापळे बिनकामाचे आहेत का? तसे मुळीच नाही. जिथे ते शिस्तीने वापरले गेले, तिथे त्यांनी काम केले. दोन उदाहरणे पाहू.

केनिया देशात व्हिक्टोरिया सरोवरात रुसिंगा नावाचे बेट आहे. मासेमारी आणि शेती करणाऱ्या सुमारे पंचवीस हजार गरीब लोकांची तिथे वस्ती आहे. २०१३ ते २०१५ या काळात संशोधकांनी गावकऱ्यांना बरोबर घेऊन तिथल्या घरांवर सौर पट्टी बसवली. त्या विजेवर घरात दिवा लागला, मोबाइल चार्ज होऊ लागला आणि घराबाहेरच्या भिंतीला टांगलेल्या सापळ्याचा पंखा फिरू लागला. सिलिंडर परवडणारा नव्हता. म्हणून कार्बन डायऑक्साइडऐवजी डासाला तसाच भास देणारे एक स्वस्त रसायन आणि माणसाच्या अंगासारखा वास वापरला. मच्छरदाण्या आणि औषधोपचार चालूच ठेवले. २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मलेरिया पसरवणाऱ्या एका मुख्य जातीचे डास जवळजवळ ७० टक्क्यांनी घटले. ज्या घरांना सापळे होते, तिथे मलेरियाचे प्रमाण साधारण ३० टक्क्यांनी कमी आढळले.

दुसरे बेट मालदीवमधले कुनफुनाधू. हे श्रीमंत पर्यटकांचे बेट आहे. तिथे शेकडो सापळ्यांची साखळी उभी केली. काही सापळे श्वासाची नक्कल करणारे होते, तर काही अंडी घालायला जागा शोधणाऱ्या मादीला पकडणारे. सोबत साचलेले पाणी शोधून ते काढून टाकण्याचे कामही नेमाने केले. २०२२ च्या अहवालानुसार तिथे डासांची संख्या ९० टक्क्यांहून अधिक घटली.

या दोन कहाण्यांत काय सारखे आहे ते पाहा. दोन्ही बेटे आहेत. चारी बाजूंनी पाणी असल्याने बाहेरून नवे डास सहज येत नाहीत. दोन्हीकडे एका अंगणात एक यंत्र लावलेले नव्हते. सगळ्या बेटावर, घरोघर किंवा जागोजागी यंत्रे होती. आणि दोन्हीकडे बाकीचे उपाय सोडले नव्हते. आपली वस्ती बेट नाही. आपण दहा सापळे लावले आणि पलीकडच्या बांधकामाच्या खड्ड्यात पाणी साचलेले राहिले, तर रोज नवे डास येतच राहतील.

मोजण्यासाठी मात्र सापळा फार उपयोगी आहे. पिशवीत कोणत्या जातीचे डास आले, त्यावरून ते कुठे जन्मतात ते कळते. क्युलेक्स डास आले तर गटार आणि संडासाची टाकी तपासावी. विदर्भात पाय सुजवणारा हत्तीरोग याच डासाने पसरतो. अंगावर पांढरे ठिपके असलेला एडिस आला तर घरातले पिंप तपासावे. डेंग्यू आणि चिकुनगुनिया त्याच्यामुळे होतो. शहरात मलेरिया पसरवणारा स्टीफेन्सी आला तर गच्चीवरची टाकी, विहीर आणि बांधकामाची जागा तपासावी. ही मोजणी आरोग्य खात्याने करावी आणि तिचा निकाल वस्तीला सांगावा, अशी मागणी मंडळाने जरूर करावी.

घाणेरडी वस्ती की कोरडा नळ?

आपल्या लोकांना सतत ऐकवले जाते की तुमच्या वस्त्या घाणेरड्या, म्हणून तिथे डेंग्यू होतो. हे शास्त्राला धरून नाही. डेंग्यूचा डास गटारात वाढत नाही. त्याला साठवलेले स्वच्छ पाणी लागते. बंगल्यातली कुंडीखालची ताटली आणि फ्रीजमागचा ट्रे त्याला आपल्या पिंपाइतकाच आवडतो. फरक एवढाच आहे की आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. आले तर अवेळी येते आणि अर्ध्या तासात जाते. म्हणून आई-बहिणी हंडा, कळशी, पिंप, बादल्या, जे मिळेल ते भरून ठेवतात. ते भरलेले पाणी आठ दिवस उघडे राहिले की त्यात डास तयार होतो. म्हणजे डासाचे मूळ आपल्या अस्वच्छतेत नसून कोरड्या नळात आहे.

ही गोष्ट नवी नाही. १९११ साली डॉ. बेंटली यांनी मुंबईच्या मलेरियावर अहवाल दिला होता. त्यांनी शहरातल्या विहिरींकडे बोट दाखवले होते. त्याआधी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू सापडला होता. पुढे कोलकात्यात डास वाढवण्याच्या आणि पकडण्याच्या कामात त्यांना महंमद बक्ष नावाच्या सहाय्यकाने साथ दिली. रॉस यांना १९०२ मध्ये नोबेल मिळाले. महंमद बक्ष यांचे नाव मात्र किती जणांना ठाऊक आहे? हातांनी काम करणाऱ्याचे नाव मागे पडते, हे आपल्याला नवे नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५३ पासून देशभर डीडीटी फवारण्याची मोहीम झाली. १९६५ च्या सुमारास मलेरियाचे रुग्ण लाखाच्या आसपास आले होते. वाटले, लढाई जिंकली. मग कामात ढिलाई आली, डासांना औषधाची सवय झाली आणि १९७६ मध्ये रुग्णांचा आकडा ६४ लाखांवर गेला. एका औषधावर किंवा एका यंत्रावर सगळी भिस्त ठेवली की काय होते, याचा हा धडा आहे.

डास मारला तर शील मोडते का?

वर्षावासात हा प्रश्न कुणीतरी हमखास विचारते. पहिल्या शीलात आपण प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याचे व्रत घेतो. मग डास मारायचे यंत्र विहाराच्या दारात कसे लावायचे?

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात याचा उलगडा केला आहे. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत तथागतांनी फरक केला, असे ते सांगतात. अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे. कुठे कसे वागावे, हे तत्त्व समजून माणसाने स्वतः ठरवायचे असते. तापाने फणफणलेल्या लेकराच्या अंगावरचा डास मारताना आईच्या मनात हिंसेची इच्छा नसते.

विनयपिटकातही डासांची नोंद आहे. भिक्खूंना डासांचा त्रास होऊ लागला, तेव्हा तथागतांनी त्यांना मच्छरदाणी वापरण्याची अनुमती दिली, असे चुल्लवग्गात सांगितले आहे. दुःख मुकाट्याने सोसत राहा, असे ते म्हणाले नाहीत. दुःख टाळण्याचे साधन त्यांनी मान्य केले.

आणि विचार केला तर सर्वांत अहिंसक उपाय सर्वांत स्वस्तही आहे. पिंपाला झाकण असेल, तर मादी त्यात अंडी घालू शकत नाही. डास जन्मालाच आला नाही, तर तो मारण्याचा प्रश्नच उरत नाही. दुःखाचे कारण शोधा आणि ते कारण दूर करा, हा तर आपल्या धम्माचा गाभा. सापळा जन्मलेला डास पकडतो. झाकण त्याला जन्मूच देत नाही.

महिला मंडळांसाठी आठवड्याचे काम

एडिस मादी एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते. उकाड्याच्या दमट दिवसांत अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक वार 'कोरडा दिवस' म्हणून ठरवावा. रविवारी विहारात वंदना झाली की घरी जाऊन सगळ्यांनी एकाच वेळी हे काम करावे.

१. पिंप, ड्रम, रांजण रिकामे करा आणि आतली कड काथ्याने किंवा घासणीने खसखसून घासा. अंडी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर चिकटलेली असतात. नुसते पाणी ओतून दिले तर ती राहतात. कोरड्यातही कित्येक महिने जिवंत राहतात आणि पाणी लागताच फुटतात.

२. झाकण नसेल तर जुन्या सुती साडीचे फडके दुहेरी करून पिंपाच्या तोंडावर दोरीने घट्ट आवळा. फडके पाण्याला टेकू देऊ नका.

३. पत्र्यावरची ताडपत्री, टायर, करवंट्या, फुटके डबे, कूलर, फ्रीजमागचा ट्रे आणि कुंडीखालची ताटली तपासा.

४. संडासाच्या टाकीच्या हवेच्या नळीला वर बारीक जाळी बांधा.

५. रिकामी करता येत नाही अशा टाकीत किंवा हौदात आरोग्य केंद्राकडून गप्पी मासे आणून सोडा. ते अळ्या खातात.

६. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, सकाळी आणि दिवस मावळायच्या आधी जास्त. तेव्हा दुपारी झोपणाऱ्या तान्ह्या बाळालाही मच्छरदाणी लावा.

७. विहाराच्या अंगणात बैठक असेल तेव्हा एक-दोन उभे पंखे लावा. डास नाजूक असतो, जोराच्या वाऱ्यात त्याला उडता येत नाही. वाऱ्याने श्वासाचा माग पांगतो आणि त्याला माणूस सापडत नाही. वर्गणी काढायचीच असेल तर ती आधी पंख्यासाठी आणि झाकणांसाठी काढा.

८. ताप आला तर दोन दिवस अंगावर काढू नका. सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्या. डेंग्यूची शंका असताना ॲस्पिरिन, ब्रुफेनसारख्या गोळ्या मनाने घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. पोटात दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त येणे किंवा ग्लानी ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठा.

हे काम एका घराने करून भागत नाही. डेंग्यूचा डास फार लांब उडत नाही, शेदोनशे मीटरांतच फिरतो. म्हणजे आपल्याला चावणारा डास बहुधा आपल्याच गल्लीत जन्मलेला असतो. गल्लीतल्या चाळीस घरांनी एकाच दिवशी पिंपे घासली, तर फरक दोन-तीन आठवड्यांत दिसतो. एका घराने टाळाटाळ केली, तर बाकीच्या एकोणचाळीस घरांची मेहनत वाया जाते. संघटना म्हणजे काय, हे शिकवायला याहून सोपा धडा नाही. शाळेत जाणाऱ्या मुलांना वही द्या आणि कुठल्या घरी अळ्या सापडल्या ते लिहायला सांगा. एका काचेच्या बरणीत अळ्या घेऊन, तोंडाला जाळी बांधून त्यांना दाखवा. आठवडाभरात अळीचा डास होताना जे मूल स्वतःच्या डोळ्यांनी पाहते, ते पुढे पिंप उघडे ठेवू देत नाही.

पाणी मागण्याचा हक्क

पण सगळे ओझे घरच्या बाईच्या डोक्यावर टाकून चालणार नाही. पाणी रोज आले, तर पिंप भरून ठेवावे लागणार नाही. तेव्हा मंडळाने नगरपालिकेकडे किंवा महानगरपालिकेकडे लेखी निवेदन द्यावे. पाणी रोज आणि ठरल्या वेळी सोडावे. तोपर्यंत पिंपांना झाकणे पुरवावीत. गटारे वाहती ठेवावीत. बांधकामाच्या खड्ड्यांतले पाणी उपसावे. धुराची गाडी येऊन गेली म्हणजे काम झाले, असे मानू नये. धूर फक्त त्या वेळी उडणारे डास मारतो, पिंपातल्या अळ्यांना त्याचा स्पर्शही होत नाही. निवेदनाची पोच घ्या, तारीख लिहून ठेवा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा जा.

मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये निकाल दिला आहे. झोपडपट्टी अनधिकृत असली तरी तिथल्या माणसाला पिण्याचे पाणी नाकारता येणार नाही, कारण पाणी हा संविधानाने दिलेल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे त्यात म्हटले आहे. निवेदनात या निकालाचा उल्लेख जरूर करा.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा प्रश्न केवळ तहानेचा नव्हता, माणुसकीच्या हक्काचा होता. आज तळ्यावर जायला आपल्याला कुणी अडवत नाही. पण आपल्या नळाला पाणी किती वेळ येते आणि उंच इमारतीतल्या नळाला किती वेळ येते, ही तुलना करून पाहा. त्या फरकातच डेंग्यूचा डास अंडी घालतो.

सापळा लावायला हरकत नाही. पण तो शेवटी. आधी पिंपाला झाकण, मग गल्लीची एकजूट, मग नळाला रोजचे पाणी. या रविवारी वंदनेनंतर घरी जाल, तेव्हा सगळ्यात आधी मोरीतल्या पिंपात डोकावून पाहा.

जय भीम.